वगळलेले शब्द

ऑफिसात त्याला सगळे पंडित म्हणत. खरं नाव वेगळंच होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. हे नाव कोणीतरी चेष्टेने पाडलं, पुढे चेष्टा विरली, नाव तेवढं चिकटलं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनातून आवडायचं. इतकं, की फोन उचलताना तो कधीकधी स्वतःच "पंडित बोलतोय" म्हणायचा.

त्याची पंडिताई होती शब्दांची. पण कविता-बिविता नव्हे. तो एका जाहिरात कंपनीत कीवर्ड शोधायचा. म्हणजे लोक सर्च इंजिनच्या त्या लांबट चौकोनात काय टाइप करतात ते हुडकायचं, त्याच्या आजूबाजूचं आणखी काय काय टाइप करत असतील ते ताडायचं, आणि गिऱ्हाइकाची जाहिरात नेमकी त्या शब्दांपुढे नेऊन उभी करायची. गादीवाल्याची जाहिरात 'गादी' या शब्दावर कोणीही लावेल. पंडित ती लावायचा 'सकाळी उठल्यावर कंबर का धरते' यावर. चपलांच्या दुकानाची लावायचा 'दिवसभर उभं राहून टाचा दुखतात' यावर. आणि मग खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "माणूस वस्तू शोधत नाही हो. माणूस दुखणं शोधतो." हे वाक्य त्याने इतक्या मीटिंगांत ऐकवलं होतं, की चहा आणणाऱ्या मावशी ट्रे ठेवता ठेवता ते त्याच्या आधी म्हणून मोकळ्या व्हायच्या.

तर असा हा माणसाच्या मनाचा जाणकार. त्याची बायको लोकांना पोहायला शिकवायची, आणि त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं.

येत नव्हतं, हे फार सौम्य झालं. गुडघाभर पाणी बघितलं तरी त्याची पाचावर धारण बसायची. लहानपणी मामाने 'असंच शिकतात' म्हणत नदीत ढकललं होतं, तेव्हापासूनची ही गत. लग्न ठरताना तिने विचारलं होतं, "तुला पोहता येतं ना?" समोरची मुलगी हातची जाऊ नये म्हणून हा गडी बिनदिक्कत म्हणाला, "हो, म्हणजे काय." मग लग्न झालं आणि ते 'म्हणजे काय' निस्तरायची वेळ आली. त्याने कान पुढे केला. कानाचा पडदा नाजूक आहे, पाणी गेलेलं चालत नाही, डॉक्टरांनी बजावलंय. हे डॉक्टर कोण, कुठले, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण दरवर्षी तो औषधाच्या दुकानातून कानात घालायचे थेंब आणून कपाटात दिसतील असे ठेवायचा, आणि तारीख उलटली की न उघडलेली बाटली फेकून नवी आणायचा. थापेची इतकी निगा राखणारा माणूस विरळाच. लेक चालायला लागली आणि पाठोपाठ पोहायलाही लागली, पण तिनेसुद्धा 'बाबा, पाण्यात ये' असा हट्ट कधी धरला नाही. घरात सगळ्यांनी त्या कानाला सांभाळून घेतलं होतं.

बायको शिकवायची तो तलाव घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. निळ्या फरशा, क्लोरीनचा वास, कडेने सिमेंटची बाकं. दुपारी ती मुलांची बॅच घ्यायची, आणि बाकांवर त्या मुलांच्या आया बसायच्या. मांडीवर पर्स, पाय अंगाखाली ओढून घेतलेले, जणू खालून कोणी पाय धरणार आहे. त्यातली एक जवळच शिवणकामाचं दुकान चालवणारी शिंपीणबाई. एके दिवशी मुलाला पुसता पुसता ती दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, माझ्या वयात कोणी शिकतं का हो? मला तर बादलीत तोंड बुडवायलाही धीर होत नाही."

हा प्रश्न बायकोच्या मनात घर करून बसला. उतारवयाकडे झुकलेल्या, पाण्याला टरकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी वेगळा वर्ग काढायचा, असं तिने मनावर घेतलं. तिचा स्वभावच तसा, घेतलं की घेतलं. तलावाच्या मॅनेजरांच्या मागे लागून लागून तिने सकाळचा एक तास मिळवला आणि मुलांची बॅच दुसऱ्या कोचकडे देऊन टाकली. मॅनेजर माणूस सरळ, पण त्यांच्या डोक्यावर शर्यतवाल्यांचा क्लब बसला होता. त्या क्लबचा डोळा याच तासावर होता. ते म्हणाले, "मॅडम, महिनाअखेरपर्यंत दहा माणसं दाखवा, तास कायमचा तुमचा. नाही जमलं तर मला क्लबला द्यावा लागेल." म्हणजे हा तास गेला, की जिथे तिने अर्धं आयुष्य काढलं त्या तलावात जायला तिला तिकीट काढावं लागणार होतं.

पहिल्या आठवड्यात एकटी शिंपीणबाई आली.

रविवारी सकाळी चहाचा कप पुढ्यात सारत बायको म्हणाली, "अरे, तू लोकांच्या गाद्या विकतोस, चपला विकतोस. माझ्या वर्गासाठी काहीतरी कर की."

पंडिताला आभाळ ठेंगणं झालं. इतक्या वर्षांत तिने त्याच्या कामातलं काही मागितलं नव्हतं. त्याने लॅपटॉप उघडला, चष्मा पुसला, आणि गादीवाल्यासमोर करायचा ते अख्खं भाषण बायकोसमोर केलं. कीवर्ड म्हणजे काय, एका शब्दाला दुसरा कसा जोडायचा, कुठला शब्द किती लोक शोधतात ते टूलमध्ये कुठे दिसतं, सगळं. तिने निमूटपणे ऐकलं, टूल स्वतः चालवूनही बघितलं. शेवटी तो म्हणाला, "तू फक्त पाण्याकडे बघ. माणसं आणायचं माझ्यावर सोड."

दिवसभर बसून त्याने कॅम्पेन उभं केलं. 'पोहणे' या शब्दापासून निघाला आणि फांद्या फुटत गेल्या: पोहण्याचे फायदे, मोठ्यांसाठी पोहण्याचा वर्ग, पोहून वजन किती उतरतं, दम वाढवायचा कसा, सकाळचा व्यायाम. शब्द सापडत होते तसा तो खुलत होता. जाहिरातही झोकात लिहिली: 'झेप घ्या, पाणी कापा, तंदुरुस्त व्हा.' लिहून झाल्यावर स्वतःशीच मान डोलावली.

सगळ्यात शेवटी त्याने नकोसे शब्द टाकले. हा त्यांच्या ऑफिसचा खाक्या होता. जाहिरात कुठल्या शब्दांवर दाखवायची हे जसं सांगता येतं, तसंच कुठल्या शब्दांवर अजिबात दाखवायची नाही हेही सांगता येतं. पूर्वी एकदा एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची 'उंच जाण्याचा आनंद' ही जाहिरात 'लिफ्टमध्ये अडकलोय काय करू' असं शोधणाऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांपुढे जाऊन उभी राहिली. कंपनीचा मालक ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटून गेला. त्या दिवशी ऑफिस चालवणाऱ्या बाईंनी नियम घातला: घाबरलेला माणूस खरेदी करत नाही. भीती, घाबरणं, अपघात, बुडणं, गुदमरणं, मरण, असले सगळे शब्द प्रत्येक कॅम्पेनमध्ये आधी वगळायचे. पंडिताच्या बोटांना ती सवय जडली होती. शोधणाऱ्याच्या वाक्यात यातला एक जरी शब्द आला, की जाहिरात त्याच्यापुढे जायचीच नाही.

माणूस दुखणं शोधतो म्हणणारा आणि भीतीला दारातच अडवणारा हा एकच इसम आहे, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. उलट बायकोच्या कॅम्पेनला त्याने पदरचे दोन शब्द जोडले, 'खोल' आणि 'गटांगळी'. हे शब्द नुसते वाचूनही त्याला कसंतरी व्हायचं. ते गेले तेव्हा त्याला बरं वाटलं.

जाहिरात धो धो चालली. सोमवारपासून क्लिकवर क्लिक. पंडित ऑफिसातून बायकोला आकडे कळवायचा आणि मावशींकडून जास्तीचा चहा मागवायचा. बुधवारी माणसं वर्गाला यायलाही लागली.

"कोण कोण आलं?" संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्याने विचारलं.

बायको ओले केस झटकत म्हणाली, "एक पैलवान आला होता. मनगटावर घड्याळ, छातीला ठोके मोजायचा पट्टा. म्हणाला, माझा वेळ कमी करून द्या. दुसरा आला तो म्हणाला, वेगवान पोहणाऱ्यांची रांग कुठली? तिसऱ्याने फोन करून विचारलं, तुमच्याकडे कोचची जागा आहे का."

"सुरुवात आहे गं. ओघ सुरू झाला की..."

"त्या पैलवानाने एवढं पाणी उडवलं की शिंपीणबाई शिडी धरून उभी राहिली ती सोडेचना. मी तिला अर्धा तास समजावत होते. पंडित, मला पोहता येणारी माणसं नकोत. मला पोहता न येणारी हवीत."

ती चिडली की त्याला पंडित म्हणायची. त्याने आणखी शब्द जोडले. 'नवशिक्यांसाठी पोहणे', 'पोहण्याचे पहिले धडे'. आता कोवळी पोरं यायला लागली, ज्यांना दोन आठवड्यांत शिकून मित्रांबरोबर सहलीला जायचं होतं. ती पहिल्याच दिवशी धबाधब उड्या मारायची आणि दुसऱ्या दिवशी गायब. मॅनेजर रोज सकाळी खिडकीतून डोकावून जात. काही बोलत नसत, पण क्लबचे लोक आता त्यांच्या केबिनमध्येच चहा प्यायला येऊन बसत. बायकोचं जेवण कमी झालं. ती बोलायचीही कमी. पंडिताने तिला धीर द्यायला एक तक्ता काढून दाखवला, त्यातली रेघ वर वर चढत गेली होती. तिने तो बघितला आणि म्हणाली, "ही रेघ तलावात उतरणार आहे का?"

महिना संपत आला तसं त्याचंही अवसान गळालं. बढाई मारून बसलेला, आता कुठल्या तोंडाने मागे सरणार? ऑफिसात बाईंनी सहज विचारलं, "मिसेसच्या वर्गाचं कसं चाललंय?" तर हा म्हणाला, "जोरात." बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःचा राग आला.

मग एका सकाळी तलावावरून आल्या आल्या बायको म्हणाली, "शिंपीणबाईची नणंद आहे, तिलाही यायचं होतं. हिला विचारायला लाजली, म्हणून तिने मोबाइलवर शोधलं, पण आपला वर्ग सापडलाच नाही म्हणे."

"असं कसं? काय टाइप केलं तिने?"

"'पाण्याची भीती मोठेपणी जाते का.'"

पंडित ऑफिसला निघायच्या बेतात होता, एका पायात बूट होता. तो तसाच लंगडत टेबलाशी गेला. कॅम्पेन उघडलं, खाली सरकत गेला, आणि नकोशा शब्दांत पहिलाच शब्द दिसला, भीती. शिंपीणबाईसारखी किती माणसं महिनाभर या दाराशी येऊन गेली असतील आणि यानेच त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं असेल. पैलवानाला मात्र पायघड्या.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. तांत्रिक अडचण आहे," तो म्हणाला.

ऑफिसला त्याने सुट्टी टाकली. ती दळण-भाजीला बाहेर गेली तेव्हा त्याने ते सगळे शब्द मोकळे केले. पण नुसतं दार उघडून भागणार नव्हतं, माणसांपर्यंत पोचायला शब्द हवे होते. टूलमध्ये 'भीती' टाकलं, तर टूलने कोळ्यांची भीती दिली, परीक्षेची दिली, कुत्र्यांची, स्टेजवर बोलायची दिली. पाण्याच्या भीतीचे दोनचार शब्द मिळाले आणि घोडं अडलं. पाण्याला घाबरणारा माणूस 'पाण्याला घाबरणारा माणूस' असं थोडंच टाइप करणार आहे? तो भलतंच काहीतरी विचारणार, आडून आडून. काय विचारेल? पंडित पेन चावत बसला. जगभरची दुखणी ओळखणारा हा इसम, त्याला यातलं एक सुचेना.

सुचेना म्हणजे काय, सुचत होतं. त्याला ते लिहायचं नव्हतं.

मग त्याने एक लिहिलं. 'डोक्यावर पाणी घेताना श्वास का अडकतो.' इकडेतिकडे बघितलं. घरात कोणी नव्हतं. मग दुसरं, 'केस धुताना डोळे मिटायची भीती वाटते.' तो स्वतः मान मागे टाकून, डोळे सताड उघडे ठेवून केस धुवायचा. डोळे मिटले की तळ सुटल्यासारखं व्हायचं. बाहेर यायचा तो डोळे लालभडक करून, आणि सांगायचा, शाम्पू भिकार आहे. बायको बिचारी सारखी शाम्पू बदलत राहिली. मग 'सगळे पाण्यात उतरतात तेव्हा मी काठावर काय करू'. मग 'पोहता येतं असं सांगून बसलोय'. मग 'आपलं माणूस पोहत असताना जीव घाबरा होतो'. एकदा धार लागली ती थांबेना. टूलमध्ये त्या प्रत्येक वाक्यापुढे नुसती आडवी रेघ येत होती. हे कोणी शोधत नाही, असं टूलचं म्हणणं. नियमाप्रमाणे असल्या शब्दांवर जाहिरात लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पंडिताने ती लावली. 'झेप घ्या' पुसून टाकलं आणि लिहिलं: 'पाण्याजवळ गेलं की पोटात गोळा येतो? आमच्या वर्गात सगळ्यांनाच येतो. इथे कोणी ढकलणार नाही.'

शेवटचं वाक्य लिहिताना त्याला मामा आठवला आणि डोळे भरून आले. मग तो उठला आणि त्याने राहिलेला दुसरा बूट उगाचच घातला.

ओघ वगैरे काही आला नाही. दोन दिवस काहीच हललं नाही. तिसऱ्या दिवशी शिंपीणबाईची नणंद आली आणि तिच्याबरोबर तिच्या ओळखीची नसलेली एक निवृत्त शिक्षिका. मग एक बसड्रायव्हर आला, आडदांड, दार भरून उरेल असा, टोपी हातात चुरगाळत. मग जावा-जावा दोघी आल्या, एकमेकींना धरून. अशी एकेक करत दहा भरली. महिन्याच्या शेवटच्या सकाळी मॅनेजर केबिनमधून उठून काठावर आले, ओळीने बसलेल्या भेदरलेल्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि क्लबवाल्यांना न विचारता त्यांनी नोटीस बोर्डावर बायकोच्या वर्गाचा कागद स्वतःच्या हाताने डकवला. आता आणखी नावं घेऊ नका, म्हणाले, जागा नाही.

पंडिताला ही बातमी फोनवर कळली. जीव भांड्यात पडला. त्याने मावशींना सांगितलं, मावशींनी बाईंना सांगितलं, बाईंनी त्याला बोलावून कोणता कीवर्ड चालला ते विचारलं. तो नुसता हसला. आता घरी जाऊन बायकोच्या तोंडून चार कौतुकाचे शब्द ऐकायचे, एवढंच बाकी होतं.

बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. तिने वळून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आपण आत्तापर्यंत किती शाम्पू बदलले रे?"

"शाम्पू?" पंडित म्हणाला.

"तो बसड्रायव्हर आहे ना, मी त्याला विचारलं, आमचा वर्ग कसा सापडला? तो लाजत म्हणाला, मॅडम, मला डोळे मिटून डोक्यावर पाणी घ्यायची भीती वाटते, तेच मोबाइलवर विचारत होतो, तर वर तुमची जाहिरात आली. मी मनात म्हटलं, ते लाल डोळे मी रोज बघते. हे माझ्या घरात आहे."

"लोक शोधतात असलं. टूल सांगतं."

"मी टूलमध्ये बघितलं. तूच शिकवलंस ना मला. त्या वाक्यापुढे रेघ आहे. कोणीच शोधत नाही." तिने चिमटे डब्यात टाकले. "मग तुला कुणी सांगितलं?"

त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. अजूनही वेळ होती. कानात पाणी जाऊ नये म्हणून मी डोळे उघडे ठेवतो, असं काहीतरी फेकता आलं असतं. इतक्या वर्षांचा सराव होता. पण त्याच्या तोंडून भलतंच आलं.

"मला वाटते," तो म्हणाला. "मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. कान ठणठणीत आहे." आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर म्हणून पुढेही बोलला, "आणि तुझी माणसं महिनाभर आली नाहीत ना, ती मीच अडवली होती. भीती हा शब्दच मी बंद करून ठेवला होता. तुझा तास माझ्यामुळे जाणार होता."

ती हसेल अशी त्याने तयारी ठेवली होती. चिडली असती तरी चाललं असतं. ती खाली बसली, कपड्यांच्या ढिगाजवळ.

"मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते," ती म्हणाली.

"लाज? कसली लाज?"

"आपण समुद्रावर गेलो लग्नानंतर, आठवतं? मी पाण्यात, तू काठावर टॉवेल घेऊन उभा. नंतर तलावावर यायचास तेव्हाही तेच. मी बाहेर आले रे आले की तू धावत येऊन मला गुंडाळून टाकायचास. मला वाटायचं, चारचौघांत मी अशी ओल्या पोहण्याच्या कपड्यात आलेली तुला बघवत नाही. म्हणून पाण्यातही येत नाहीस, कानाचं निमित्त करतोस. कान खोटा आहे हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. बाटली कधी उघडलेली नसायची." "तू काठावर असलास ना, की मी कधी मनसोक्त पोहले नाही. एक चक्कर मारून बाहेर. तुला ताटकळत ठेवायला नको म्हणून."

शब्दांवर पोट भरणारा माणूस, गॅलरीच्या दारात तोंड उघडं टाकून उभा. "अगं, मी टॉवेल घेऊन उभा असायचो ते..." तो थांबला, पुन्हा सुरू केलं. "तू आत असलीस की मला श्वास घेता यायचा नाही. तू बाहेर आलीस, तुला हात लागला, की मग यायचा. एवढंच होतं गं. लाज कशाची वाटेल? मी सगळ्या ऑफिसला सांगत सुटतो, माझी बायको माशासारखी पोहते म्हणून."

"मला नाही कधी सांगितलंस."

"नाही," तो म्हणाला. तोही खाली बसला. मग रडला, चांगला हुंदके देऊन, वाळलेल्या कपड्यांतला एक सदरा तोंडाला लावून. तिने तो सदरा ओढून घेतला, म्हणाली, आत्ताच धुतलाय, आणि तिलाही रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तलावावर गेला. फाटकाशी मॅनेजरांनी त्याला अडवलं; पूर्वी तो यायचा तेव्हा हे मॅनेजर नव्हते. "साहेब, वर्ग भरला. एकही जागा नाही. जाहिरात जोरदार झालीय म्हणतात, मॅडमना बंद करायला सांगतो." आपण एवढं दिव्य काम करून ठेवलंय की आता आपल्यालाच आत जागा नाही, हे ऐकून पंडिताला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. तो वळणारच होता.

"त्यांना सोडा आत," पाण्यातून बायकोचा आवाज आला. "माझे मिस्टर आहेत."

ती शिडीवरून वर आली. केसांतून, कोपरांतून पाणी गळत होतं. काठावर सगळे ओळीने बसलेले, पाय पाण्यात सोडून, ज्याचा त्याचा गोळा पोटात घेऊन. पंडिताचे हात रिकामे होते. त्यांचं काय करायचं ते त्याला समजेना. ती तशीच त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना म्हणाली, "जाहिरात यांनीच लिहिली. यांनाही भीती वाटते."

"हो, वाटते," पंडित म्हणाला.

कोणी हसलं नाही. बसड्रायव्हर थोडा सरकला, त्याने शेजारची फरशी हाताने पुसून दिली. पंडित बसला. विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि पाय आत सोडले. पाणी थंडगार होतं, उठून पळावं असं वाटत होतं. ती त्याच्यासमोर पाण्यात उतरली आणि तिने त्याच्या दोन्ही टाचा खालून तळहातांवर धरल्या.

"सोडू नकोस," तो म्हणाला.

"नाही सोडत." थोड्या वेळाने म्हणाली, "आता सोडते. तुला काही करायचं नाही, नुसतं बसायचं. मी त्या टोकाला जाऊन येते. हाक मारायची नाही, उठायचं नाही."

त्याने मान हलवली. ती वळली आणि निघाली. तिचे हात एकामागून एक पाण्यात शिरत होते, मधूनच डोकं आत जायचं आणि त्याचा श्वास अडायचा, मग डोकं वर यायचं. शिंपीणबाई त्याच्याकडे बघत हळूच म्हणाली, "येतील हो." त्याने ड्रायव्हरचं मनगट धरलं होतं, हे त्याला नंतर कळलं. ती त्या टोकाला पोचली, भिंतीला टेकून जरा थांबली, तिथून तिने बघितलं तो बसलेलाच होता. मग तिने तिकडेच आणखी एक चक्कर मारली, आणि आणखी एक, आणि कसलीही घाई न करता सावकाश परत आली.